झिरीतली पिवळी माती

मी एक जुनी, मातीची, पाठीत जराशी वाकलेली पाळ आहे. मित्रांनो, पाळ म्हणजे काय, हे तुमच्यातल्या शहरातल्या मुलांना कदाचित ठाऊक नसेल. तलावाचे पाणी अडवून धरणारी मातीची लांब, रुंद भिंत म्हणजे पाळ. शिकलेली माणसे मला धरण म्हणतात. मला आपले जुनेच नाव आवडते. केळझरच्या बाजूच्या डोंगरात, खापरदरा गावाच्या वरच्या अंगाला, दोन टेकड्यांच्या मधे मी आडवी पडून आहे. माझ्या एका बाजूला पाणी आहे आणि दुसऱ्या बाजूला माणसे. मी मधे आहे म्हणून त्या दोघांची गाठ पडत नाही.

ती गाठ एकदा पडता पडता राहिली. त्याविषयीच मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म संवत छप्पनच्या, म्हणजे इंग्रजी १८९९ सालच्या दुष्काळातला. त्या वर्षी पावसाने तोंड दाखवले नाही. झाडांची साल खाऊन माणसे दिवस काढत होती. तेव्हा गावच्या मालगुजाराने, म्हणजे ज्याच्या नावावर सारे गाव होते त्या धन्याने, तलावाचे काम काढले. माती टाका आणि ज्वारी घेऊन जा, असा बोलीचा व्यवहार होता. डोंगरातली गोंड कुटुंबे आली, गावातले शेतकरी आले. टोपल्या टोपल्यांनी माझे अंग वाढू लागले.

वरून पाहिले तर मी नुसता मुरूम आणि दगड दिसते. पण माझ्या पोटात, अगदी मधोमध, हळदीसारख्या पिवळ्या चिकणमातीचा एक जाड पडदा आहे. ही माती पाण्याला पलीकडे जाऊ देत नाही. तिला माझे काळीज म्हणा. नाल्याच्या काठची ती माती भिजवून, बाया आणि म्हशी ती दिवसदिवस पायांनी तुडवत. बाया तुडवताना एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून गाणी म्हणत, कारण पोटात अन्न नसले की एकटीचा पाय उचलत नाही. त्यातल्या एका तरुण गोंड बाईची नात आजही माझ्या पायथ्याशी राहते. तिचे नाव पंचफुला. तिची ओळख तुम्हाला पुढे होईलच.

पुढची पुष्कळ वर्षे फार चांगली गेली. माझ्या पाण्यावर गहू आणि हरभरा पिकू लागला. पोळ्याला बैल माझ्याच काठी धुतले जात. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी मालगुजाराची माणसे येत. माझ्या अंगावरची झुडपे काढत, घुशींची बिळे ठोकून बंद करत, निसटलेले दगड जागेवर बसवत. बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना मुद्दाम मला दाखवायला आणत. मी तेव्हा ताठ होते.

मग देश स्वतंत्र झाला आणि काही वर्षांत मालगुजारी गेली. गावात गुलाल उधळला गेला. तो आनंद खराच होता, कारण आता जमीन कसणाऱ्याची झाली होती. मी सरकारची झाले. पण सरकार वर्ध्याला आणि नागपूरला राहत होते. घुशीची बिळे आता कोण बंद करणार, हे गुलालाच्या त्या दिवशी कुणाच्या मनातही आले नाही.

माझ्या पाठीवर निंबाचे एक थोर झाड होते. घराच्या नाटांसाठी, म्हणजे तुळयांसाठी, कुणीतरी ते तोडून नेले. वरचे झाड गेले, पण मुळे माझ्या पोटातच राहिली. मेलेली मुळे कुजतात, मित्रांनो. ती कुजली आणि त्यांच्या जागी लांबच लांब पोकळ वाटा तयार झाल्या. पाण्याला घाई नसते. ते रोज थोडे थोडे चाचपत होते. एके दिवशी त्याला त्यातली एक वाट सापडली.

माझ्या पायथ्याशी, जिथे गोंडांची टोली, म्हणजे लहानशी वस्ती आहे, तिथे एक लहानशी झिरी होती. जमिनीतून पाझरणारे स्वच्छ, गार पाणी. शेजारी शेंदूर लावलेला एक दगड होता. तीच मातामाय, गावची देवी. पंचफुला रोज तिथे झाडायची आणि दिवा लावायची. घरात तिची भाषा गोंडी असे, पण झिरीवर सगळ्या गावच्या बाया जमत आणि तिथे बोलणे वऱ्हाडीतच चाले. निंबाचे झाड गेल्यानंतरच्या तिसऱ्या की चौथ्या पावसाळ्यात झिरीची धार एकदम मोठी झाली.

"पाह्य वं पंचफुले, झिरी दुप्पट झाली!" रुख्माबाई घागर भरता भरता म्हणाली. ती गावच्या पाटलाची, रूपरावांची बायको.

"मातामाय पावली, बाई. आता उन्हाळ्यात दूर जा लागत नाई पाण्याले."

"अन् तळाशी हे माती काय सुरेख येऊन राह्यली! लोण्यावानी लागते हाताले."

खरेच, झिरीच्या खळग्यात रोज पिवळीधमक, मऊसूत माती साचत होती. देवीने दिली म्हणून बायांनी ती मोठ्या भक्तीने गोळा केली आणि पोळ्याला घराच्या भिंती तिने सारवल्या. आधी पंचफुलाच्या घराच्या, मग साऱ्या टोलीच्या. मग गावातूनही बाया टोपल्या घेऊन येऊ लागल्या. उन्हे पडली की ती घरे सोन्यासारखी चमकत. लोक माझ्या पाठीवर उभे राहून कौतुकाने खाली पाहत.

मीही खाली पाहत होते. माझे काळीज लोकांच्या भिंतींवर वाळत होते, आणि मला तोंड नव्हते.

त्या हिवाळ्यात वर्ध्याहून वासुदेवराव नावाचे ओव्हरसियर सायकलवरून आले. जुने तलाव तपासण्याचे काम त्यांच्याकडे होते. रूपराव पाटील त्यांना घेऊन माझ्यावरून फिरले.

"साहेब, सरकारकडून पैसा येतच असन तर पाळ दोन हात उंच करून द्या," रूपराव म्हणाले. "पाणी वाढते, गहू वाढते. माह्या एकट्याचा नाई हो, साऱ्या गावाचा!"

"बघू," म्हणत वासुदेवराव टोलीकडे उतरले. पंचफुला अंगणात तूर पाखडत होती. तिची भिंत पाहून ते थांबले.

"वा! काय सारवली आहे भिंत. हळदच लावली जणू. ही माती कुठून आणली, बाई?"

"आणली कायची, साहेब? देवीनं देल्ली. झिरीतून येते."

वासुदेवरावांच्या ओठांवरचे हसू तसेच राहिले, पण डोळ्यांतले गेले.

"कधीपासून येते?"

"पोळ्याच्या आंधीपासून."

"आणि घरं किती सारवली?"

"साऱ्या टोलीची. गावातल्या बाया बी नेतात. काऊन?"

त्यांनी नखाने भिंतीचा पोपडा काढला, थुंकी लावून बोटांत चोळला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिले, आणि पुन्हा एकेका घराकडे पाहिले. माझ्यातले किती बाहेर आले आहे, हे ते भिंतींवरून मोजत होते.

"पाटील," ते शेवटी म्हणाले, "पाळ उंच करायचं विसरा. ती उभी राहिली तरी पुष्कळ आहे. पाणी आतून माती खाऊन बाहेर येतंय."

"झिरी तं माह्या बापाच्या काळापासून हाये, साहेब."

"पाणी पूर्वीपासून असेल. ते स्वच्छ होतं तोवर काळजी नव्हती. आता ते एकटं येत नाही."

त्यांनी उपायही सांगितला. माझी पाठ उकरून पोकळी शोधायची, नवी चिकणमाती तुडवून भरायची. आणि झिरीवर आधी रेती, मग बारीक गिट्टी, मग मोठे दगड असे थर द्यायचे. शिवाय पावसाळ्यात जास्तीचे पाणी जिथून निघून जाते तो माझा सांडवा रुंद करायचा. निम्मा खर्च सरकारचा आणि निम्मा गावाचा, पैशाने किंवा श्रमाने. त्यांनी सारा अंदाज करून नागपूरला पाठवला.

काम मंजुरीला आले, आणि तेवढ्यात राज्येच बदलली. आमचा मुलूख जुन्या मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. वासुदेवराव पुन्हा आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"पाटील, नागपूरची मंजुरी आता मुंबईहून यायला हवी."

"म्हंजे पाळ बी मुंबईले नेतात का साहेब?" पारावरून कुणीतरी विचारले आणि सारी मंडळी हसली.

"हसू नका. पावसाळा कुणाच्या मंजुरीसाठी थांबत नाही. गावाचा वाटा तरी जमवा."

पण गावाने वेगळ्याच कामासाठी पैसा जमवला होता. देवी पावली म्हणून झिरीवर सिमेंटचे पक्के कुंड बांधायचे, वर टिनाचे छप्पर घालायचे, असे ठरले होते. कापूस विकला गेला तसा प्रत्येकाने आपला भाग आणून दिला. पुलगावच्या गिरणीत कामाला गेलेल्या पोरांनीही पाठवला. तो पैसा देवीच्या पेटीत होता आणि पेटी पंचफुलाच्या घरात. तिच्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

वासुदेवरावांना हे कळले तेव्हा ते जवळजवळ ओरडलेच. "सिमेंटनं तोंड बंद करू नका! पाण्याची ही वाट बुजवली तर ते दुसरी काढेल, आणि ती आपल्याला दिसणार नाही."

"अन् रेती टाकून काय होते?" पंचफुला कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "जिनं पाणी देल्लं, माती देल्ली, तिच्या तोंडात रेती भरता तुमी?"

"तोंडात रेती भरायची नाही, बाई. घागरीवर फडकं लावून तुम्ही पाणी गाळता ना, तसं. पाणी येऊ द्यायचं, माती आतच ठेवायची."

"फडकं मी घागरीले लावतो, साहेब. देवीले नाई लावत."

ती पाठ फिरवून निघून गेली. मला तिचा राग आला नाही. ती आपल्या देवीला जपत होती. पण त्या संध्याकाळी माझ्या आत मातीचे एक मोठे ढेकूळ सुटले आणि कुठे तरी खोल जाऊन पडले. तो आवाज माझ्याखेरीज कुणी ऐकला नाही.

माघ महिन्यात रूपरावांची तुरीच्या कुटाराने, म्हणजे भुशाने भरलेली बैलबंडी माझ्या पाठीवरून चालली होती. हाकायला रूपराव स्वतःच होते. एकाएकी उजवे चाक आखापर्यंत खाली गेले. बैल गुडघ्यावर आले. लोक धावले.

"पाटील, दोन हात उंच करत होता, दोन हात खाली गेली ना!" जंगू म्हणाला. जंगू म्हणजे पंचफुलाचा नवरा, टोलीतला सर्वांत खट्याळ माणूस.

"तोंड बंद ठेव अन् खांदा लाव, लेका."

बंडी बाहेर काढली. खाली एक काळे भोक उरले. जंगूने बंडीची उभारी, म्हणजे बाजूचा लांब दांडा काढून भोकात घातला. दांडा गेला. त्याचा खांदा जमिनीला टेकला, तरी दांड्याला तळ लागला नाही. त्याने वर पाहिले तेव्हा त्याला चेष्टा सुचत नव्हती.

दोघाजणांनी भोकाचे तोंड जरा उकरले. आत कुजक्या मुळाची साल होती आणि भोवती पिवळी, ओली माती. पंचफुला गर्दीतून पुढे आली. तिने मुठीत ती माती घेतली, खाली उतरली, आणि आपल्या भिंतीला ती मूठ लावून पाहिली. मग वर येऊन सर्वांसमोर म्हणाली,

"माही आजी सांगे, दुकाळात तिनं पाळीच्या पोटात पिवळी माती तुडवली. उपाशी पोटानं तुडवली. मले वाटलं देवी देऊन राह्यली. आपण तं पाळीचं पोट काढून भितीले लावून राह्यलो!"

दुसऱ्या दिवशी तिने देवीची पेटी पारावर आणून ठेवली.

"रेती आणा, गिट्टी आणा. हे घ्या."

रूपराव दचकले. बंडीचा प्रकार झाल्यापासून ते माझ्या बाजूचे झाले होते, पण हा पैसा त्यांना पेलवेना. "देवीचा पैसा हाये तो, पंचफुले. कोप होईन."

"देवी कुठी राह्यते, पाटील? पाळीच्या खालतीच ना? माह्यासारखीच."

रूपरावांनी पेटीला हात जोडले आणि ती उघडली.

त्या उन्हाळ्यात बोर नदीची रेती घेऊन बंड्यांच्या रांगा लागल्या. सरकारच्या वाट्याचा पैसा आला नाही, पण वासुदेवराव आले आणि गावातच राहिले. माझी पाठ उकरली गेली. नाल्याच्या काठची तीच पिवळी माती पुन्हा भिजवली गेली, आणि पंचफुला, रुख्माबाई व इतर बाया एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून ती तुडवू लागल्या. फार वर्षांनी माझ्या पोटात माणसांचे पाय पडत होते. मातामायचा दगड पंचफुलाने स्वतः पदरात घेऊन बाजूला नेला. मग तिच्याच हाताने झिरीवर रेतीची पहिली टोपली पडली.

पाठ भरून झाली. झिरीवर रेती आणि गिट्टीचे थरही झाले. पण मोठे दगड अजून अर्धेच आले होते, आणि मृगाच्या आधीच आभाळ डोंगरावर येऊन बसले.

तो पाऊस सकाळी लागला. दुपारपर्यंत डोंगरातले सारे नाले माझ्याकडे धावत आले. पाणी माझ्या छातीशी आले. सांडवा अरुंदच होता. तो आपल्या ताकदीने पाणी ओतत होता, पण येणारे जास्त होते. पायथ्याशी रेती उकळल्यासारखी हलू लागली आणि तिच्यातून पिवळे पाणी वर आले.

"पोरं अन् ढोरं टेकडीवर न्या!" रूपराव ओरडले. "बाकी सारे दगडाले लागा!"

सारे म्हणजे सारे. पाटील आणि जंगू एका रांगेत उभे राहून हातोहात दगड देत होते.

"पसरून टाका, ढीग करू नका!" वासुदेवराव चिखलात उभे राहून सांगत होते.

माझ्या उतरणीचा एक लचका सुटला आणि पंचफुलाच्या बकऱ्यांच्या कोठ्यावर जाऊन पडला. कोठा होता तिथे चिखलाचा ढीग झाला. बकऱ्या टेकडीवर होत्या. दगड देणाऱ्यांचे हात क्षणभर थांबले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. पळावे की राहावे, हे त्यांना माझ्याकडून हवे होते. मलाच माहीत नव्हते, मित्रांनो. मी नुसती रेटून उभी होते.

पंचफुलाने कोठ्याकडे पाहिलेही नाही. दगडांच्या कडेतून येणारे पाणी ती पितळी लोट्यात घेई, थाळीत ओते, आणि माती तळाशी बसेपर्यंत थांबून पाही. थाळी पिवळी. पुन्हा लोटा. पुन्हा पिवळी. दगड पडत राहिले. मग एका थाळीत पिवळी रेघ थोडी बारीक दिसली. पुढच्या थाळीत त्याहून बारीक. दिवस मावळायच्या सुमारास तिने थाळी सर्वांसमोर धरली. तळाशी थाळीवर कोरलेली वेल स्पष्ट दिसत होती.

"गाळलं," ती एवढेच म्हणाली आणि तिथेच दगडावर बसली.

त्याला आता दोन पावसाळे झाले. मातामायचा दगड त्याच दगडांच्या थरावर बसवला आहे, छपराशिवाय. झिरी आता बारीक आणि स्वच्छ वाहते. पण सांडवा अजून अरुंदच आहे. मुंबईहून मंजुरी येते आहे, असे वासुदेवराव दर खेपेला सांगतात, आणि दर खेपेला आधी आभाळाकडे पाहतात. मी वाचले, पण बरी झालेली नाही. माझ्या पोटात आणखी किती मुळे कुजत आहेत, ते मला ठाऊक आहे.

मित्रांनो, तुमच्याही गावाजवळ माझ्यासारखी एखादी पाळ असेल. तिच्यावर पतंग उडवा, बसून बोरे खा, तिला आवडेल. पण तिच्या अंगावर झाड वाढू लागले, बीळ दिसले, कुठे भेग पडली, तर मोठ्या माणसांना सांगा. त्यांनी ऐकले नाही तर पुन्हा सांगा. आणि तिच्या पायथ्याचे पाणी गढूळ झाले, तर ही माती कुणाची, हे अवश्य विचारा. आम्हाला ओरडता येत नाही. आम्ही जे सांगतो ते पाण्यातूनच सांगतो.

टोलीतली सारी घरे आता दुसऱ्या मातीने सारवली आहेत. पंचफुलाच्या घराची एकच भिंत तशीच पिवळी आहे. या पोळ्याला तिची नवी सून बायजा हातात सारवणाचे भांडे घेऊन त्या भिंतीपुढे उभी राहिली.

"आत्याबाई, हे एकच भित जुनी काऊन ठेवली? बेकार दिसते."

"राहू दे तिले. तिले हात नोको लावू." पंचफुलाने कोनाड्यातला पितळी लोटा आणि थाळी तिच्या हातात दिली. "चाल, तुले एक काम शिकवतो."

दोघी झिरीवर आल्या. वर डोंगरावर ढग दाटले होते. बायजाने लोटा भरून थाळीत ओतला आणि लगेच म्हणाली, "साफ हाये."

"थांब. माती बसू दे. मंग पाह्य."

बायजा खाली वाकली. मी, माझ्या मागचे सारे पाणी पाठीवर घेऊन, तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली.

"काई नाई, आत्याबाई. वेल दिसून राह्यली."

"मंग उद्या पुन्हा पाह्यजो," पंचफुला म्हणाली.